विंडो ओळखावी रंगावरून

कोड लिहिणाऱ्या माणसाच्या पडद्यावर दुपारपर्यंत विंडोंची गर्दी झालेली असते. एका विंडोत चालू काम, दुसरीत ग्राहकाने अचानक बग दाखवलेला जुना प्रोजेक्ट, तिसरीत मोबाइल ॲपचे बॅकएंड आणि चौथीत त्याच बॅकएंडची दुसरी ब्रँच. चारही विंडो एकाच एडिटरच्या: तीच काळी पार्श्वभूमी, तोच फाँट, डावीकडे तशीच फाइलींची यादी. फाइलींची नावेही फारशी वेगळी नसतात, कारण एखादी ‘इंडेक्स’, एखादी ‘कॉन्फिग’ आणि एक ‘रीडमी’ सगळीकडे असतेच. ऑल्ट-टॅब दाबत भराभर विंडो बदलताना आपण कुठे येऊन पोचलो, हे सांगायला वरच्या पट्टीतले बारीक अक्षरांतले फोल्डरचे नाव तेवढे असते. ते सहसा कुणी वाचत नाही.

यावर प्रोग्रामर मंडळींचा उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टच्या विंडोची चौकट वेगळ्या रंगाची करणे. दुकानाच्या प्रोजेक्टला हिरवी, हिशेबाच्या प्रोजेक्टला जांभळी. वरवर पाहता ही हौस वाटते, थीम बदलण्यासारखी. पण थीम डोळ्यांना बरे वाटावे म्हणून बदलतात, चौकटीचा रंग चूक टाळण्यासाठी असतो. म्हणून तो आवडीनुसार निवडून भागत नाही. रंग किती घ्यायचे, कुठे द्यायचे, कशासाठी राखून ठेवायचे, हे ठरवावे लागते.

चूक कुठून येते

माणूस चुकीच्या विंडोत टाइप करतो तेव्हा त्याला काम येत नसते असे नाही. उलट काम हातात इतके बसलेले असते की बोटे आपोआप चालतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये अशा हातून निसटणाऱ्या चुकांचे वर्गीकरण केले. त्यात एक प्रकार होता ‘मोड एरर’. यंत्र एका अवस्थेत असते, माणूस ते दुसऱ्या अवस्थेत आहे असे धरून चालतो, आणि एरवी अगदी बरोबर असलेली कृती तिथे चुकीची ठरते. कॅप्स लॉक चालू असताना पासवर्ड टाइप करणे हे याचे रोजचे उदाहरण. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम केलेले लॅरी टेस्लर अशा मोडच्या, म्हणजे अवस्थांच्या, इतके विरोधात होते की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असे लिहिलेले होते.

एकसारख्या दिसणाऱ्या चार विंडो हा याच जातीचा सापळा आहे. कमांड तीच, बोटांची सवय तीच, फक्त तिचा परिणाम कोणत्या प्रोजेक्टवर होणार ते विंडोगणिक बदलते.

यातून बाहेर पडायचा एक मार्ग दुसऱ्या महायुद्धात सापडला होता. अमेरिकेचे बी-१७ बॉम्बर विमान उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायला जात आणि चुकून चाके आत ओढून घेत. विमान धावपट्टीवर पोटावर बसे. वैमानिकांना दोष देऊन प्रश्न सुटत नव्हता. तरुण मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिले तेव्हा दिसले, की फ्लॅपचा आणि चाकांचा स्विच शेजारी-शेजारी आहेत आणि अगदी एकसारखे आहेत. त्यांनी चाकांच्या स्विचला चाकाच्या आकाराची मूठ बसवली आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखी. हाताला आकार कळला की चूक होण्याआधीच थांबते. विमानातल्या चाकांच्या दांड्याला आजही चाकाचा आकार असतो.

चापानिस यांनी स्विचखाली ठळक पाटी लावली नाही. दमलेल्या, घाईतल्या माणसाने पाटी वाचावी ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली. विंडोची चौकट रंगवण्यामागे हाच विचार आहे.

डोळा आधी रंग टिपतो

विंडो बदलताना आकाराचा उपयोग नाही, कारण सगळ्याच विंडो चौकोनी. तिथे रंग कामाला येतो. डोळा काय आधी टिपतो या विषयात मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांचा १९८० मधला शोधनिबंध पायाभूत मानला जातो. हिरव्या अक्षरांच्या घोळक्यात एकच लाल अक्षर शोधायला सांगितले, तर घोळक्यात पाच अक्षरे असोत वा तीस, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. लाल अक्षर डोळ्यांत भरते, शोधावे लागत नाही. पण दोन खुणा जुळवून शोधायचे असेल, म्हणजे रंगही अमुक आणि अक्षरही तमुक, तर घोळका वाढेल तसा वेळ वाढत जातो, कारण आता लक्ष एकेका अक्षरावर न्यावे लागते.

विंडोच्या पट्टीतले नाव वाचणे हे या दुसऱ्या प्रकारचे काम आहे. नजर तिथे न्यायची, अक्षरे वाचायची, दोन सारख्या नावांतला फरक पकडायचा. ‘बिलिंग-एपीआय’ आणि ‘बिलिंग-ॲप’ यांतला फरक लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. चौकटीचा रंग मात्र नजर कोडच्या ओळीवर असतानाही कडेने जाणवत राहतो.

रंग द्यायचा कुठे

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर २०१५ मध्ये आला आणि आज तो बहुतेक ठिकाणी दिसतो, म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. त्यात सेटिंग दोन पातळ्यांवर राहतात: एक संच तुमचा, सगळ्या प्रोजेक्टांना लागू होणारा, आणि दुसरा त्या-त्या प्रोजेक्टचा. प्रोजेक्टचा संच त्याच्याच फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरात ‘सेटिंग्ज’ नावाच्या जेसन फाइलमध्ये असतो. त्या फाइलमध्ये ‘वर्कबेंच’खाली येणाऱ्या ‘कलर कस्टमायझेशन्स’ या नोंदीत वरची पट्टी, डावीकडची आयकॉनची पट्टी आणि तळाची स्टेटस पट्टी यांचे रंग लिहिता येतात. फाइल सेव्ह केली की विंडो लगेच रंग बदलते. काही लिनक्स संगणकांवर वरची पट्टी ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असते. तिथे ‘पट्टी एडिटरने स्वतः काढावी’ हे सेटिंग आधी बदलावे लागते, नाहीतर सगळे बरोबर लिहूनही रंग दिसत नाही.

हे हाताने करायचे नसेल तर जॉन पापा या अमेरिकन प्रोग्रामरचे ‘पिकॉक’ हे एक्स्टेन्शन आहे. एक रंग निवडला की ते पट्ट्यांसाठी त्याच्या छटा काढते, पार्श्वभूमी फिकी की गडद ते पाहून वरची अक्षरे काळी की पांढरी हे ठरवते आणि सगळे त्याच सेटिंग्ज फाइलमध्ये लिहून ठेवते. जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे आयडिया या एडिटरमध्ये २०२३ च्या मध्यापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या शीर्षपट्टीला वेगळा रंग देण्याची सोयच आहे, एक्स्टेन्शनची गरज नाही.

कोडची मूळ जागा मात्र रंगवू नये. तिथे रंगांचे काम आधीच चालू असते: कीवर्ड एका रंगात, मजकूर दुसऱ्या, कॉमेंट तिसऱ्या. मागे हिरवट छटा टाकली की कॉमेंटची हिरवी अक्षरे बुडतात. रंग कडेच्या पट्ट्यांवरच शोभतो आणि तिथेच उपयोगी पडतो. ऑल्ट-टॅबच्या छोट्या चित्रांमध्येही वरची पट्टी ओळखता येते.

त्या कडांवरही काही रंगांना आधीपासून अर्थ असतात. व्हीएस कोडच्या जुन्या ‘डार्क प्लस’ थीममध्ये तळाची पट्टी एरवी निळी, डीबगर चालू झाला की नारिंगी आणि एकही फोल्डर उघडलेले नसेल तर जांभळी होते. त्या थीमवर प्रोजेक्टला नारिंगी रंग दिला, तर डीबगर चालू आहे की बंद हे सांगणारी खूण आपल्याच हाताने पुसली जाते. निवडलेली विंडो आणि मागची विंडो यांतला फरकही जपावा लागतो. त्यासाठी मागच्या विंडोच्या पट्टीला वेगळे सेटिंग असते. तिथे त्याच रंगाची मंद छटा द्यावी. दोन विंडो शेजारी-शेजारी ठेवल्या आणि दोन्ही सारख्याच झळकल्या, तर टाइप केलेले अक्षर कोणत्या विंडोत उमटणार हे कळत नाही.

रंग किती आणि कोणते

आळशी प्रोग्रामरच्या मनात इथे एक युक्ती हमखास येते: प्रोजेक्टच्या नावावरून गणित करून रंग आपोआप काढावा. नावाचा हॅश घ्यायचा, ती संख्या रंगचक्रावर टाकायची, झाले. रंग निवडायची कटकट नाही आणि दुसऱ्या संगणकावरही तोच रंग येतो. पण रंगचक्रावर पटकन वेगळे ओळखू येतील असे बारा कप्पे धरले आणि सहा प्रोजेक्ट असे यदृच्छया वाटले, तर सहाही वेगळ्या कप्प्यांत पडण्याची शक्यता शेकडा २२ च्या आसपासच असते. म्हणजे शंभरातल्या ७८ वेळा निदान दोन प्रोजेक्टांना एकच रंग मिळणार. वर्गात दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो, त्यामागचेच हे गणित. रंग हातानेच वाटावेत, आणि जे प्रोजेक्ट नेहमी एकत्र उघडे असतात त्यांना चक्रावर एकमेकांपासून दूरचे रंग द्यावेत.

बारा कप्पेसुद्धा कागदावरच. रोजच्या वापरात आठवणीने अर्थ सांगता येईल असे पाच-सहा रंग पुरेत. नववा रंग आला की ‘हा मोरपंखी म्हणजे कोणता प्रोजेक्ट बरे?’ असा विचार करावा लागतो. तो विचार करायला लागला तर नाव वाचणेच सोपे. सतत लागणाऱ्या प्रोजेक्टांनाच रंग द्यावेत, कधीतरी उघडणारे साधेच राहू द्यावेत.

अक्षरे वाचता येतात की नाही हे नुसत्या नजरेवर सोडू नये. वेबच्या सुलभतेच्या नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढायचे सूत्र आहे, आणि साध्या मजकुरासाठी ते निदान ४.५ असावे असा नियम आहे. भडक पिवळ्यावर पांढरी अक्षरे घेतली तर गुणोत्तर येते १.०७, म्हणजे अक्षरे जवळजवळ अदृश्य. त्याच पिवळ्यावर काळी घेतली तर १९.५६. शुद्ध निळ्यावर पांढरी अक्षरे ८.५९ ला छान बसतात. गंमत शुद्ध लाल रंगाची आहे. त्यावर पांढरी अक्षरे शोभतात असे सगळ्यांना वाटते, पण गुणोत्तर जेमतेम ४ भरते आणि नियमात नापास होते. काळी अक्षरे ५.२५ ने पास होतात. पांढरीच हवी असतील तर लाल गडद करावा. कारण उघड आहे. डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. सूत्रात हिरव्याचे वजन शेकडा ७२, लालचे २१ आणि निळ्याचे फक्त ७ धरलेले असते.

रंगांधळेपणही विसरून चालत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मधल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. अशांसाठी जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी आठ रंगांचा एक संच तयार केला. त्यात काळ्याबरोबर नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि जांभळट गुलाबी आहेत. विंडोंसाठी रंग निवडताना हा संच समोर ठेवला तर निम्मे काम होते. दुसरी खबरदारी म्हणजे रंगाच्या जोडीला नाव ठेवणे. व्हीएस कोडमध्ये वरच्या पट्टीत काय लिहायचे हे बदलता येते. तिथे फाइलचे नाव मागे टाकून प्रोजेक्टचे नाव सुरुवातीला आणले, की रंगाने शंका आली तर खात्री तिथल्या तिथे होते.

दुसऱ्यावर आपला रंग लादू नये

एक अडचण टीममध्ये काम करताना निघते. प्रोजेक्टची सेटिंग्ज फाइल पुष्कळदा गिटमध्ये कमिट केलेली असते, कारण तिच्यात फॉरमॅटरचे आणि टेस्टचे सामायिक नियम असतात. तुम्ही तिच्यात जांभळा रंग लिहिला आणि नकळत कमिट केला, की दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमच्या विंडो जांभळ्या. मग कुणीतरी तो हिरवा करतो, आणि कामाशी काडीचा संबंध नसलेल्या ओळीवर मर्ज कॉन्फ्लिक्ट सुरू होतात.

गिटच्या वर्कट्री वापरणाऱ्यांना याचा फटका आणखी विचित्र बसतो. वर्कट्रीची सोय गिटमध्ये २०१५ पासून आहे. एकाच रेपोच्या दोन-तीन ब्रँच वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच वेळी उघडता येतात. हल्ली एआय एजंटला एका फोल्डरात काम सोपवून माणूस दुसऱ्यात काम करतो, त्यामुळे ही पद्धत वाढली आहे. इथे विंडो नुसत्या सारख्या दिसत नाहीत, आतला कोडही जवळपास तोच असतो, म्हणून वेगळ्या रंगाची गरज सर्वांत जास्त. पण रंग जर कमिट केलेल्या फाइलमध्ये असेल, तर प्रत्येक वर्कट्रीत तीच फाइल उतरते आणि सगळ्या विंडोंना एकच रंग मिळतो.

दोन्ही अडचणींवर तोडगा एकच. व्हीएस कोडची वर्कस्पेस फाइल रेपोच्या बाहेर कुठेही ठेवता येते. तिच्यात फोल्डरचा पत्ता आणि रंग लिहायचे, आणि फोल्डरऐवजी ती फाइल उघडायची. प्रत्येक वर्कट्रीची वेगळी फाइल, वेगळा रंग, आणि गिटला त्याचा पत्ताही नाही.

ओळख वेगळी, धोका वेगळा

आतापर्यंतचे रंग ‘ही विंडो कोणत्या प्रोजेक्टची’ एवढेच सांगत होते. तिथे चूक झाली तर बहुधा चुकीच्या फाइलमध्ये चार ओळी जातात आणि गिटमधून परत येतात. प्रॉडक्शन सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये झालेली चूक अशी परत येत नाही.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जे घडले ते त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केले. डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची प्रत ठेवणारा. दोघांच्या नावांत एका आकड्याचाच फरक, एक आणि दोन. प्रत घेण्याचे काम अडकले होते. म्हणून एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायचे ठरवले आणि कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून साइट परत उभी राहिली, पण मधल्या काळातला डेटा गेला. त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती होती. त्यानंतर त्यांनी केलेल्या सुधारणांच्या यादीत एक बाब अशी होती: सगळ्या सर्व्हरवरचा प्रॉम्प्ट बदलायचा, म्हणजे आपण कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या वातावरणात आहोत हे स्पष्ट दिसेल.

टर्मिनलचा प्रॉम्प्ट रंगवायला काही बसवावे लागत नाही. एस्केप अक्षरापाठोपाठ ठरावीक आकडे पाठवले की टर्मिनल रंग बदलते: ४१ म्हणजे लाल पार्श्वभूमी, ४२ हिरवी, ४३ पिवळी, ४४ निळी, आणि ० म्हणजे सगळे पूर्ववत. बॅश शेलमध्ये हे आकडे प्रॉम्प्टच्या व्याख्येत लिहितात. ही न छापायची अक्षरे आहेत हे शेलला खुणेने सांगायला विसरू नये, नाहीतर ओळीची लांबी मोजताना त्याचा हिशेब चुकतो आणि लांब कमांड आपल्याच ओळीवर चढते. ही व्याख्या आपल्या लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. ती त्या सर्व्हरवर असावी, म्हणजे तिथे कुणीही, कुठूनही शिरला तरी त्याला लालच दिसेल. डेटाबेसच्या साधनांनीही हे ओळखले आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओत जोडणी करतानाच तिला रंग देता येतो. डीबीव्हरमध्ये जोडणीचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ निवडला की रंग लालसर होतो, आणि बदल आपोआप कमिट व्हायचेही थांबतात.

घराच्या वायरिंगमध्ये हिरवी तार म्हणजे अर्थिंग हे ठरलेले असते. इलेक्ट्रिशियन कितीही घाईत असला तरी उरलेली हिरवी तार फेजला वापरत नाही. विंडोंमध्ये लाल रंगाचा मान तसाच ठेवावा लागतो. लाल म्हणजे प्रॉडक्शन, आणि दुसऱ्या कशालाही लाल नाही. आवडत्या प्रोजेक्टला लाल दिला, तर धोक्याच्या विंडोला वेगळे सांगायला काही उरत नाही. लाल विंडो दिवसभर उघडी ठेवणेही तितकेच वाईट. डोळा सवयीचा गुलाम आहे, आठवडाभर समोर असलेला लाल रंग त्याला भिंतीसारखा होतो. काम झाले की बंद करायची, म्हणजे पुढच्या वेळी ती पुन्हा टोचेल.

रंगाकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. गिटलॅबच्या प्रकरणात चुकीचा सर्व्हर हे फक्त निमित्त होते. बॅकअपची एकापेक्षा अधिक व्यवस्था असूनही त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या होत्या आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. रंगाने एवढेच होते की माणूस एंटर दाबण्याआधी क्षणभर थांबतो. थांबूनही चुकणाऱ्यासाठी वेगळी तजवीज लागते: रोजच्या खात्याला प्रॉडक्शनवर फक्त वाचण्याची परवानगी, काही पुसायचे तर त्याचे नाव हाताने टाइप करायला लावणारी सूचना, आणि परत आणून पाहिलेले बॅकअप. ही तजवीज आधी करावी आणि मग रंगांकडे वळावे. तेव्हा सुरुवात सहा रंगांनी करायचीही गरज नाही. प्रॉडक्शनला लाल आणि हमखास गोंधळ होणाऱ्या दोन प्रोजेक्टांना एकमेकांपासून दूरचे दोन रंग, एवढ्यावर महिना काढावा. चौथा रंग लागतोय की नाही, ते तोवर कळलेले असेल.